मागे फिरण्याची सोय : कंटेनर, बेंगळुरू आणि रोलबॅकचा इतिहास

१९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतीय वेळेनुसार सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीने जगभरच्या विंडोज संगणकांकडे एक छोटी फाइल रवाना केली. फाइल सदोष होती. ती पोहोचलेले संगणक निळा पडदा दाखवून बंद पडू लागले. १० वाजून ५७ मिनिटांनी कंपनीने ती फाइल मागे घेतली. मधला काळ अवघा ७८ मिनिटांचा. पण तेवढ्यात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले होते. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले.

या घटनेतील सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच आहे. चूक लवकर लक्षात आली, ती लवकर मागेही घेतली गेली. तरीही बंद पडलेले संगणक पूर्वपदावर आले नाहीत. सुधारित फाइल मिळवण्यासाठी संगणक आधी सुरू व्हायला हवा होता आणि तो तर सुरूच होत नव्हता. शेवटी माणसे एकेका यंत्रापाशी गेली आणि त्यांनी ती फाइल हाताने पुसली. आज्ञा मागे घेणे आणि स्थिती मागे आणणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्या शुक्रवारी साऱ्या जगाने घेतला.

संगणकशास्त्रात या दुसऱ्या गोष्टीला रोलबॅक म्हणतात. नवी आवृत्ती बिघडली, तर आधीची चालती आवृत्ती पुन्हा कामाला लावणे, इतकाच त्याचा अर्थ. ऐकायला सोपे वाटणारे हे काम साध्य होण्यासाठी काही दशके जावी लागली आणि त्यातला एक महत्त्वाचा टप्पा बेंगळुरूमध्ये पार पडला. आज त्याच शहराच्या एचएसआर लेआउटमध्ये नव्या आवृत्त्या रोज सोडणाऱ्या तरुण अभियंत्यांनाही तो टप्पा सहसा ठाऊक नसतो.

जुनी रीत आणि तिची किंमत

छापील पुस्तकात चूक राहिली, तर प्रकाशक शेवटी शुद्धिपत्र जोडत असे. विकल्या गेलेल्या प्रती परत येत नसत. सॉफ्टवेअरची जुनी रीत याहून फारशी वेगळी नव्हती. एक सर्व्हर असे. त्यावर कार्यक्रम चालत असे. नवी आवृत्ती आली की जुन्या फाइलींवर नव्या फाइली लिहिल्या जात. जुने जिथे होते तिथेच नवे बसत असल्याने जुने त्या क्षणी नाहीसे होई. कुणी काळजीपूर्वक प्रत काढून ठेवली असेल तर ठीक. शिवाय त्या सर्व्हरवर वर्षानुवर्षे झालेले लहानसहान बदल, एखादी सेटिंग, एखादी जास्तीची लायब्ररी, यांची नोंद कुठेच नसे. म्हणून दोन सर्व्हर कागदावर सारखे असले, तरी प्रत्यक्षात सारखे नसत.

या रीतीची किंमत किती मोठी असू शकते, हे १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कमध्ये दिसले. नाइट कॅपिटल ही शेअर दलाली करणारी मोठी कंपनी. न्यूयॉर्क शेअर बाजारात त्या दिवशी किरकोळ गुंतवणूकदारांसाठी एक नवी योजना सुरू होणार होती. तिच्यासाठी कंपनीने आपल्या आठ सर्व्हरवर नवा कोड बसवायचा होता. तंत्रज्ञाने तो सातच सर्व्हरवर बसवला. आठव्यावर ‘पॉवर पेग’ नावाचे, २००३ पासून न वापरलेले एक जुने काम तसेच पडून होते. नव्या कोडने जे चिन्ह नव्या अर्थाने वापरले होते, तेच चिन्ह जुन्या कोडात पॉवर पेग चालू करण्यासाठी होते. बाजार उघडताच आठवा सर्व्हर अखंड खरेदीविक्रीच्या आज्ञा सोडू लागला.

गोंधळलेल्या चमूने तेव्हा माघार घेण्याचा प्रयत्न केला. सात सर्व्हरवरचा नवा कोड त्यांनी काढून टाकला. परंतु ते चिन्ह घेऊन येणाऱ्या आज्ञा चालूच होत्या. परिणामी जुना दोष आता आठही सर्व्हरवर जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअर्समध्ये ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले आणि कंपनीला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. अमेरिकी बाजार नियामकाने २०१३ मध्ये १.२ कोटी डॉलरचा दंड केला. त्याआधीच, डिसेंबर २०१२ मध्ये, कंपनीने दुसऱ्या कंपनीत विलीन होण्याचा करार केला होता.

या प्रकरणात दोन गोष्टींची उणीव होती. पहिली, प्रत्येक आवृत्ती स्वतंत्र, सीलबंद आणि सर्वत्र तंतोतंत सारखी असावी अशी पेटी. दुसरी, कोणत्या क्षणी कोणती आवृत्ती किती ठिकाणी चालली पाहिजे हे लक्षात ठेवून त्याप्रमाणे घडवून आणणारा पहारेकरी. पुढच्या काही वर्षांत या दोन्ही गोष्टी सर्वांच्या हाती आल्या. पेटीला कंटेनर म्हणतात आणि पहारेकऱ्याला क्यूबरनेटीस.

पेटीच्या भिंती

कंटेनरची कल्पना एका दिवसात सुचलेली नाही. १९७९ च्या युनिक्समध्ये एखाद्या कार्यक्रमाला फाइलींच्या झाडाचा एकच भाग दाखवण्याची सोय आली. २००० मध्ये फ्रीबीएसडी या प्रणालीने ‘जेल’ आणले. परंतु काय दिसावे यावर मर्यादा घालणे पुरेसे नव्हते. किती वापरावे यावरही मर्यादा हवी होती. एकाच यंत्रावर दहा कार्यक्रम चालत असतील आणि त्यातला एक सगळी मेमरी खाऊन बसला, तर उरलेल्या नऊ जणांना भिंतींचा काय उपयोग?

२००६ च्या सुमारास गूगलच्या पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी लिनक्ससाठी प्रक्रियांचे गट बांधण्याची एक चौकट मांडली. तिला पुढे कंट्रोल ग्रुप, म्हणजे सीग्रुप, असे नाव मिळाले आणि जानेवारी २००८ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२४ मध्ये ती दाखल झाली. मात्र ही केवळ चौकट होती. प्रोसेसरचा वेळ आणि मेमरी प्रत्यक्षात वाटून देणारी यंत्रणा तिच्यात बसवायची होती.

ती बसवण्याच्या कामात आयबीएमच्या बेंगळुरू येथील लिनक्स टेक्नॉलॉजी सेंटरमधील अभियंत्यांचा वाटा मोठा आहे. श्रीवत्स वड्डगिरी यांनी प्रोसेसरचा वेळ एकेका प्रक्रियेऐवजी प्रक्रियांच्या गटांमध्ये न्याय्यपणे वाटण्याचे काम केले, तेही २.६.२४ मध्येच आले. बलबीर सिंग यांनी मेमरीचा नियंत्रक लिहिला आणि तो एप्रिल २००८ मधील २.६.२५ मध्ये स्वीकारला गेला. पुढे एखाद्या गटाने ठरलेल्या वेळेपलीकडे प्रोसेसर वापरूच नये अशी कडक मर्यादा घालणारी सोय जानेवारी २०१२ मधील लिनक्स ३.२ मध्ये आली. गूगलच्या पॉल टर्नर यांच्याबरोबर त्या कामात बेंगळुरूचे भरत राव होते.

मेमरी वाटून देणे वाटते तेवढे सोपे नव्हते. लिनक्स मेमरीचे लहान लहान पानांत विभाजन करतो आणि एकच पान अनेक प्रक्रिया सामायिकपणे वापरतात. मग त्या पानाचा हिशोब कोणाच्या खात्यावर टाकायचा? स्वीकारलेला तोडगा साधा होता : ज्या गटाने पानाला प्रथम स्पर्श केला, त्याच्या नावे ते पान मांडायचे. अचूक न्याय यात नाही, पण हिशोब स्वस्तात होतो. शिवाय प्रत्येक पानामागे जादा नोंद ठेवायची तर त्या नोंदीलाच मेमरी लागते. अशा अनेक तडजोडींवर त्या काळात सार्वजनिक ईमेल याद्यांवर दीर्घ चर्चा झाल्या. एकदा लिहून, तपासून, फेटाळून, पुन्हा लिहून हे काम पुढे सरकले.

रोलबॅकशी या साऱ्याचा संबंध काय? संबंध थेट आहे. नवी आवृत्ती सोडताना काही काळ जुनी आणि नवी शेजारीशेजारी, बहुधा एकाच यंत्रावर, चालतात. नव्या आवृत्तीत मेमरी गळत असेल आणि मध्ये भिंत नसेल, तर ती स्वतःबरोबर जुन्या आवृत्तीलाही बुडवते. मग परतायचे कुठे? मेमरी नियंत्रकामुळे मर्यादा ओलांडणारा गट तेवढाच बंद केला जातो आणि शेजारचा जिवंत राहतो. मागे फिरण्याची पहिली अट म्हणजे मागे काहीतरी शिल्लक असणे. ती अट या भिंतीने पुरी केली.

मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी पायकॉन या परिषदेतील काही मिनिटांच्या भाषणात डॉकर जगापुढे ठेवले. भिंती आधीपासून होत्या. डॉकरने त्यांच्या आत ठेवायचा माल बांधण्याची आणि पाठवण्याची सोपी रीत दिली. कार्यक्रम, त्याच्या लायब्ररी, त्याची मांडणी, सारे एका ‘इमेज’मध्ये थरांच्या रूपात बांधले जाते. प्रत्येक इमेजला तिच्या मजकुरावरून काढलेला एक लांबलचक आकडा, म्हणजे हॅश, मिळतो. एका बिटचा फरक पडला तरी आकडा बदलतो. त्यामुळे सात सर्व्हरवर एक आणि आठव्यावर दुसरे अशी परिस्थिती लपून राहू शकत नाही. आणि चालू पेटी उघडून तिच्यात दुरुस्ती करायची नाही; बदल हवा तर नवी पेटी बांधायची, हा संकेत रूढ झाला. जुनी पेटी कोठारात तशीच राहते.

पहारेकरी

गूगलच्या आत २००३-०४ पासून ‘बोर्ग’ नावाची यंत्रणा हजारो यंत्रांवर कामे वाटत होती. तिच्या अनुभवावरून जो बेडा, ब्रेंडन बर्न्स आणि क्रेग मॅकलकी यांनी सुरू केलेला खुला प्रकल्प म्हणजे क्यूबरनेटीस. जून २०१४ मध्ये त्याची घोषणा झाली आणि २१ जुलै २०१५ रोजी आवृत्ती १.० आली. ग्रीक भाषेतल्या या शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. कोकण किनाऱ्यावर त्याला तांडेल म्हणतील.

सुरुवातीचा हा तांडेल मात्र किनाऱ्यावर बसून नाव हाकत असे. आवृत्ती बदलण्यासाठी ‘रोलिंग अपडेट’ ही आज्ञा होती आणि तिचे काम आज्ञा देणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावरून चाले. अभियंत्याचा लॅपटॉप मिटला किंवा नेटवर्क तुटले, की बदल अर्ध्यावर थांबे : काही ठिकाणी जुने, काही ठिकाणी नवे. २०१५ च्या अखेरीस ‘डिप्लॉयमेंट’ ही संकल्पना आली आणि ही जबाबदारी क्लस्टरच्या आत गेली. आता माणसाने ‘हे कर, मग ते कर’ असे सांगायचे नाही. ‘या आवृत्तीच्या दहा प्रती चालू असाव्यात’ एवढी इच्छित स्थिती लिहून ठेवायची. क्लस्टर प्रत्यक्ष स्थिती आणि इच्छित स्थिती यांची सतत तुलना करतो आणि फरक भरून काढतो. खोलीचे तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटचे तत्त्व हेच असते.

दहा प्रतींचे उदाहरण पुढे नेले, तर ही यंत्रणा कशी चालते ते कळते. बदल चालू असताना कमाल एकचतुर्थांश प्रती जादा असाव्यात आणि कमाल एकचतुर्थांश कमी असाव्यात, ही मूळ मांडणी आहे. जादा मोजताना अपूर्णांक वर धरतात, कमी मोजताना खाली. म्हणून एकूण प्रती १३ च्या वर जात नाहीत आणि सेवेत ८ हून कमी राहत नाहीत. नवी प्रत ‘मी तयार आहे’ असे तपासणीला उत्तर देईपर्यंत तिच्याकडे ग्राहक पाठवला जात नाही. ती तयार झालीच नाही, तर बदल तिथेच अडकतो आणि उरलेल्या जुन्या प्रती काम करत राहतात.

जुनी आवृत्ती पूर्ण उतरवल्यावरही तिची नोंद पुसली जात नाही. तिच्या प्रती शून्यावर येतात, पण तिचे वर्णन राहते. मूळ मांडणीत अशी मागची दहा वर्णने जपली जातात. ‘रोलआउट अनडू’ ही आज्ञा दिली की क्लस्टर मागचे वर्णन उचलतो आणि त्याच सावध पद्धतीने, थोडे चढवत थोडे उतरवत, तिकडे वळतो. म्हणजे क्यूबरनेटीसच्या दृष्टीने माघार ही वेगळी क्रिया नाही. तीही एक पुढची पायरीच आहे. फक्त तिचे गंतव्य ओळखीचे आहे. नाइट कॅपिटलला नेमकी हीच गोष्ट उपलब्ध नव्हती.

एका सेवेची माघार अशी सुटली, पण खऱ्या उत्पादनात अनेक सेवा, गुपिते आणि मांडण्या एकत्र बदलतात. त्यांची मोट बांधण्यासाठी २०१५ मध्ये डेइस या कंपनीतून ‘हेल्म’ पुढे आले. हेल्मच्या दुसऱ्या पिढीत एक उणीव होती : मागे जाताना ते जुना आणि नवा कागद तेवढा ताडून पाही. मधल्या काळात कुणी क्लस्टरवर हाताने काही बदलले असेल, तर ते त्याच्या नजरेतून सुटे. नोव्हेंबर २०१९ मधील तिसऱ्या पिढीत जुना कागद, नवा कागद आणि प्रत्यक्ष स्थिती या तिन्हींची तुलना होऊ लागली. त्याआधी, २०१७ मध्ये, वीव्हवर्क्सचे अलेक्सिस रिचर्डसन यांनी ‘गिटऑप्स’ हा शब्द रूढ केला : क्लस्टरची इच्छित स्थिती गिटच्या वहीत लिहावी, म्हणजे मागे जाणे म्हणजे वहीतले मागचे पान लावणे. वीव्हवर्क्स २०२४ मध्ये बंद पडली. कल्पना मात्र टिकली.

याच काळात ‘कॅनरी’ पद्धतही रुजली. विसाव्या शतकात ब्रिटिश कोळसा खाणींत कामगार पिंजऱ्यात कॅनरी पक्षी नेत. विषारी वायूने तो आधी कोसळे आणि माणसांना सावध होण्यास वेळ मिळे. ही सूचना जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाची. पुढे भारतात स्थायिक झालेले जे. बी. एस. हॉल्डेन हे त्यांचे चिरंजीव. नवी आवृत्ती आधी शंभरातल्या दोन-पाच ग्राहकांनाच द्यायची, चुकांचे प्रमाण पाहायचे आणि मगच पुढे जायचे, ही सॉफ्टवेअरमधली कॅनरी. क्राउडस्ट्राइकची ती फाइल अशा टप्प्यांनी गेली नव्हती. घटनेनंतर कंपनीने टप्प्याटप्प्याने वाटपाची पद्धत जाहीर केली.

एचएसआर लेआउट

बेंगळुरूच्या आग्नेयेस, आगर तलाव, बाह्य वळण रस्ता आणि सिल्क बोर्ड चौक यांच्या जवळ बेंगळुरू विकास प्राधिकरणाने एक निवासी वसाहत आखली. होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांच्या नावांवरून तिला एचएसआर लेआउट हे नाव पडले. सात सेक्टर, सरळ आखलेले रस्ते, बैठी घरे. गेल्या दशकात त्याच घरांच्या मजल्यांवर नवउद्योगांच्या कचेऱ्या थाटल्या गेल्या. महाराष्ट्रातून शिकून आलेली कितीतरी मुले याच भागातील पीजींत राहतात आणि चालत जाण्याच्या अंतरावर काम करतात.

या वसाहतीचे रोलबॅकच्या इतिहासातील स्थान शोधकाचे नाही. ते वापरकर्त्याचे आहे, आणि तेही महत्त्वाचे आहे. दहा-बारा जणांच्या कंपनीला स्वतःचा बोर्ग बांधणे परवडत नाही. पूर्वी रात्री सेवा बंद ठेवून, जागरण करून आवृत्ती बदलण्याची रीत होती. क्यूबरनेटीस आणि हेल्म ही खुली साधने आल्यावर ही छोटी कंपनीही दिवसाढवळ्या, ग्राहक खरेदी करत असतानाच, आवृत्ती बदलू लागली. भाड्याच्या घरात बसलेला चोवीस वर्षांचा अभियंता तीच आज्ञा देतो, जी हजारो यंत्रांच्या मालकाकडे दिली जाते. समानता आणणारी अशी साधने तंत्रज्ञानाच्या इतिहासात फार नसतात.

त्याचबरोबर एक धोकाही आला. आज्ञा सोपी झाली की तिच्यामागची अट विसरली जाते. ‘बिघडले तर मागे नेऊ’ हे वाक्य आधाराऐवजी निमित्त बनते. शुक्रवारी संध्याकाळी नवी आवृत्ती सोडू नये, हा या व्यवसायातला सर्वज्ञात संकेत त्याच धोक्याची आठवण आहे. कारण प्रत्येक गोष्ट मागे जात नाही.

जे मागे जात नाही

समजा, विद्यार्थ्यांच्या नोंदणीच्या एका प्रणालीत पूर्ण नावाचा एकच रकाना आहे. नव्या आवृत्तीने त्याऐवजी नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन रकाने केले आणि जुना रकाना पुसला. तासाभरात नव्या आवृत्तीत दोष सापडला. ‘अनडू’ दिले, जुन्या पेट्या पुन्हा चालू झाल्या, पण त्या जो रकाना शोधतात तो आता अस्तित्वात नाही. शिवाय त्या तासाभरात नोंदवलेले विद्यार्थी केवळ नव्या रकान्यांत आहेत. कार्यक्रम मागे गेला, माहिती पुढेच राहिली.

यावर उपाय आहे, पण तो माघारीच्या वेळी करता येत नाही; आधी करावा लागतो. प्रथम नवे रकाने जुन्याच्या शेजारी वाढवायचे. मग काही काळ दोन्हीकडे लिहायचे. नवी आवृत्ती स्थिरावली, परतण्याची गरज उरली नाही, की शेवटी जुना रकाना काढायचा. एका उडीऐवजी तीन पायऱ्या. प्रत्येक पायरीवरून एक पायरी मागे येता येते. हे कष्टाचे आहे, म्हणूनच घाईत टाळले जाते.

माहितीप्रमाणेच पहारेकरी स्वतःही मागे जात नाही. १४ मार्च २०२३ रोजी रेडिट या संकेतस्थळाने आपला एक क्लस्टर क्यूबरनेटीस १.२३ वरून १.२४ वर नेला. काही मिनिटांत संकेतस्थळ कोसळले आणि ३१४ मिनिटे बंद राहिले. पायची किंमत ३.१४ असल्याने गणितप्रेमी १४ मार्चला पाय दिन म्हणतात. योगायोगाची नोंद कंपनीनेच आपल्या सविस्तर अहवालात घेतली. कारण एका शब्दाचे होते. नियंत्रक यंत्रांवर असलेले ‘मास्टर’ हे लेबल १.२४ मध्ये काढून टाकले गेले होते, आणि रेडिटच्या अंतर्गत नेटवर्कची मांडणी नेमक्या त्याच लेबलावर अवलंबून होती. लेबल गेले, तशी यंत्रांमधली वाटही गेली.

पेट्यांसाठी ‘अनडू’ आहे; क्यूबरनेटीसच्या स्वतःच्या आवृत्तीसाठी तशी मान्य परतवाट नाही. अखेर चमूने क्लस्टरची जुनी प्रत राखीव साठ्यातून पुन्हा उभी केली. त्यासाठी लिहून ठेवलेली कृतीही जुन्या काळातली, आता न वापरल्या जाणाऱ्या साधनांसाठीची होती. परतवाट होती, पण तिच्यावरून बऱ्याच दिवसांत कुणी चालले नव्हते. रेडिटने हे सारे उघडपणे लिहिले, ही त्या घटनेची जमेची बाजू. नाइट कॅपिटलचा इतिहास नियामकाच्या आदेशामुळे कळला. रेडिटचा इतिहास अभियंत्यांनी स्वतः सांगितला.

आवृत्ती सोडणारे हात

क्यूबरनेटीसची प्रत्येक आवृत्ती कुणीतरी सोडावी लागते, आणि त्या कामात भारतीय नावे आता ठळक आहेत. २०१७ मध्ये विद्यार्थिदशेत गूगल समर ऑफ कोडमधून या प्रकल्पात आलेल्या निखिता रघुनाथ २०१९ मध्ये त्याच्या सुकाणू समितीवर निवडून गेल्या. एप्रिल २०२१ च्या १.२१ या आवृत्तीचे नेतृत्व नबरुण पाल यांनी केले, डिसेंबर २०२३ च्या १.२९ चे प्रियांका सग्गू यांनी. त्या आवृत्तीचे नाव होते ‘मंडल’. डिसेंबर २०२४ मध्ये या क्षेत्रातील क्यूबकॉन ही परिषद प्रथमच भारतात, दिल्लीला भरली. बेंगळुरूच्या अभियंत्यांनी पेटीच्या भिंती बांधल्या, त्याला तोवर सोळा वर्षे उलटली होती.

या इतिहासाचे मोल केवळ अभिमानापुरते नाही. परीक्षेचा निकाल, रेल्वेचे तिकीट, बँकेचा व्यवहार, लसीचे प्रमाणपत्र, शिधापत्रिकेची पडताळणी : नागरिकाचे रोजचे जगणे आता कुठल्या ना कुठल्या सर्व्हरवरून जाते आणि त्यावरच्या आवृत्त्या बदलतच राहणार. दुकानाच्या ॲपमध्ये बिघाड झाला, तर ग्राहक दुसऱ्या दुकानात जाईल. शिधा दुकानापुढे उभ्या असलेल्या माणसाला दुसरे दुकान नसते. त्याच्या दृष्टीने रोलबॅकला लागलेला एक तास म्हणजे बुडालेली एक मजुरी असू शकते. म्हणून अशा सेवेविषयी विचारायचा प्रश्न ‘नवे काय आले’ एवढाच नसावा. ‘बिघडले तर किती वेळात मागे जाता येते, आणि ते शेवटचे कधी करून पाहिले होते’ हाही असावा.

संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हा प्रश्न स्वतःच्या यंत्रावर तपासता येतो. मिनिक्यूब किंवा काइंड हे मोफत साधन घेऊन लॅपटॉपवरच छोटा क्लस्टर उभा करावा. एका साध्या कार्यक्रमाच्या चार प्रती चालवाव्यात. मग मुद्दाम बिघडलेली आवृत्ती सोडावी, ती कुठे अडकते ते पाहावे आणि ‘अनडू’ द्यावे. त्यानंतर त्याच कार्यक्रमाला डेटाबेस जोडून एक रकाना पुसावा आणि पुन्हा ‘अनडू’ द्यावे. पहिल्या खेपेस सारे पूर्ववत होईल. दुसऱ्या खेपेस होणार नाही. या दोन प्रयोगांमधला फरक ज्याला एका संध्याकाळी कळला, त्याच्या हातात पुढे लाखो लोकांची सेवा सोपवताना चिंता थोडी कमी असेल.